दुपारी एकची बस: एका सड्यावरच्या कातळशिल्पांचं प्रकरण

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्हा, राजापूर तालुका. गावाचं नाव देत नाहीये आणि काही खुणाही मुद्दाम बदलल्यात, कारण जमिनीचा मामला अजून पुरता मिटलेला नाही आणि गाव एवढंसं आहे की कोणाबद्दल दोन ओळी लिहिल्या तरी तो कोण हे वाडीतल्या पोराला पण कळेल. मी त्या भागात छोटे ग्रुप फिरवतो, माझी माणसं या गावातल्या बचत गटाच्या बायकांकडे राहायला-जेवायला असतात, त्यामुळे हे सगळं जवळून बघायला मिळालं, काही बैठकांना बसलोय पण.

गाव खाली वहाळाच्या काठाला, नारळी-पोफळीत. पाखाडी चढून वर गेलं की सडा. ज्यांनी कोकणचा सडा बघितला नाही त्यांच्यासाठी सांगतो, जांभ्याचा सपाट पसरलेला माळ असतो, पावसात हिरवागार, दिवाळीपर्यंत पिवळं गवत, आणि शिमग्यानंतर नुसता काळा तापलेला कातळ. या कातळात कोरलेली चित्रं आहेत. एक मोठं पाकट (चपटा, लांब शेपटीचा समुद्री मासा), एक चार पायांचा जनावर ज्याला कोणी गेंडा म्हणतं कोणी रानडुक्कर, एक माणसाची आकृती आणि दोन-तीन चौकोनी नक्षीसारखं काहीतरी ज्याचा अर्थ कोणालाच लागत नाही. रेघा बोटाच्या पेरापेक्षा फार खोल नाहीत. गावात त्यांना पांडवांची चित्रं म्हणतात, पांडवांनी एका रात्रीत कोरली आणि कोंबडा आरवला म्हणून अर्धी राहिली असं. गुरं राखणाऱ्यांना ती कायमच माहीत होती, नवल कोणालाच नव्हतं.

नवल बाहेरच्यांना वाटायला लागलं ते गेल्या दहा-बारा वर्षांत. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांचे सोबती सडे पालथे घालत फिरले, गावोगाव गुराख्यांना विचारत गेले आणि एकामागून एक जागा नोंदवल्या. मग 2022 ला कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. नऊ जागा, त्यातल्या रत्नागिरी जिल्ह्यातल्या सात (उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे), सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ. पुढच्या वर्षी बारसूच्या रिफायनरीचा वाद पेटला तेव्हा तर कातळशिल्प हा शब्द रोज टीव्हीवर. हे गाव त्या नऊत नाही. पण एकदा लोक कशेळीचा हत्ती बघायला (अठरा मीटर लांबीचा आहे तो, आणि त्याच्या पोटात आणखी कितीतरी प्राणी कोरलेत) आणि कनकादित्याच्या दर्शनाला येऊ लागले की आजूबाजूचे सडे पण मॅपवर चढतात. कोणीतरी पिन टाकली, थेट चित्रांवर, आणि तिथून पुढे गाड्या यायला लागल्या.

जमिनीचं सांगायलाच हवं, नाहीतर पुढचं काही कळणार नाही. सडा खासगी आहे, एकाच भावकीचा, सामाईक. सातबारावर तीसच्या वर नावं, त्यातली बरीच वारलेली, वारस लालबाग, विरार, डोंबिवली असे पांगलेले. आणि चित्रं आहेत तो भाग कागदावर पोटखराब, म्हणजे पिकाच्या कामाची नसलेली जमीन, म्हणून लागलेला. हजारो वर्षांची कला, सरकारदरबारी नोंद पोटखराब!

अडचण काय होती

वरवर बघितलं तर नेहमीचीच. गाड्या थेट सड्यावर, बाईक चित्राच्या कडेला स्टँडवर, लोक बूट घालून पाकटाच्या अंगावर उभे राहून फोटो काढणार, वेफर्सची पाकिटं. मग एका ग्रुपने ड्रोनने शूट करायचं म्हणून रेघांत चुन्याची पूड भरली. आता जांभा म्हणजे सगळा भोकाभोकांचा दगड, पूड आत बसली ती पावसाळ्यापर्यंत निघाली नाही, आणि कोणीतरी ती खराट्याने घासून काढायला गेलं त्यात कडा ढासळल्या त्या वेगळ्याच. आणि कडेलोट झाला तो एका नवीन चित्रामुळे. कोणा महाभागाने जुन्या पाकटाच्या शेजारी दगडाने खरवडून स्वतःचा मासा काढला. सड्याचा कातळ वरून काळा पडलेला असतो, खरवडलं की आतला तांबडा-नारिंगी जांभा उघडा पडतो आणि तो परत काळा पडायला वर्षानुवर्षं लागतात. त्यामुळे हा तांबडा मासा लांबून आधी दिसायचा आणि खरं पाकट मागाहून. पुढचे पर्यटक त्या माशाचेच फोटो काढून जायचे, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

गावात यावर जे बोलणं झालं ते सगळं एकाच वळणाचं. लोकांना शिस्त नाही, शहरातले माजलेत, कुंपण घाला. मला पण तसंच वाटत होतं. पण एका बैठकीत गुरं राखणारे एक म्हातारे, ते सहसा बोलत नाहीत, म्हणाले की ही माणसं येतात त्या टायमाला तिथं काय दिसतच नाय, मग ती चुना नाय घालणार तर काय करणार.

आणि हे अगदी खरं होतं. बसवाल्यांचं पॅकेज असं असतं की सकाळी गणपतीपुळे, मग पावस, मग आडिवरे-कशेळी, आणि मधे एक जागा भरायची म्हणून कातळशिल्प. म्हणजे सड्यावर पोचायची वेळ दुपारी बारा ते दोन. ऊन बरोब्बर डोक्यावर. रेघा उथळ, सावली पडत नाही, काळ्या कातळावर काळी रेघ. माणूस तीनशे किलोमीटरवरून आलाय, ऑपरेटरने जगप्रसिद्ध म्हणून सांगितलंय, आणि समोर नुसता दगड. मग तो बाटलीतलं पाणी ओततो, पायाने चाचपतो, अंगावर चालून बघतो की कुठे आहे ते डोकं, रांगोळी भरतो. तेच सकाळी साडेसातला या, ऊन तिरपं असतं, प्रत्येक रेघेच्या एका कडेला सावली धरलेली असते, आणि पाकटाची शेपटी टोकापर्यंत मोजता येते. काही करावं लागत नाही, माणूस आपोआप दोन पावलं मागे सरतो, कारण लांबून जास्त चांगलं दिसतं.

माझ्या मते या प्रकरणाचा खरा निर्णय इथे झाला, नंतरचं सगळं त्याच्या मागून आलं.

कोणकोणते पर्याय होते

पहिला पर्याय तारेचं कुंपण आणि गेट. सरपंचांचा कल इकडे होता. अडचण दोन. एक, खांब रोवायला कातळ फोडायला लागतो, ब्रेकर लावला की हादरे आलेच, आणि गवताखाली-मातीखाली अजून चित्रं आहेत की नाहीत हे कोणी बघितलंय? दुसरी, ग्रामसेवकाने सरळ विचारलं की खासगी जमिनीवर ग्रामपंचायतीने पावती कशी फाडायची. याला कोणाकडे उत्तर नव्हतं.

दुसरा, निधी आणून पक्कं काम. पेव्हर ब्लॉकची वाट, रेलिंग, शेड, सेल्फी पॉइंट. उक्षीचा दाखला देत होते सगळे, तिथे गावाने हत्तीभोवती चिऱ्याचं कुंपण केलंय, उंचावरून बघायची सोय आहे आणि ते चांगलंच झालंय. पण उक्षीला मुख्य चित्र एक आणि ते रस्त्याला लागून. इथे चित्रं विखुरलेली, सगळ्यांना मिळून कुंपण घालायचं तर अर्धा सडा बांधून काढावा लागेल.

तिसरा, पुरातत्त्व खात्याला अर्ज करून संरक्षित करून घ्यायचं. याला भावकीने जोरात विरोध केला, आणि त्यात अर्धी माहिती अर्धी अफवा होती. शंभर मीटरात वीट लावता येणार नाही, आमची घरं-कलमं सगळं गेलं, असं. तो शंभर मीटरचा नियम केंद्राने संरक्षित केलेल्या स्मारकांचा, 1958 च्या कायद्यात 2010 ला दुरुस्ती होऊन आला, 100 मीटरपर्यंत बांधकामाला बंदी आणि त्यापुढचे 200 मीटर परवानगीने. हे समजावून सांगायचा प्रयत्न झाला, की आपल्या गावठाणापासून सडा किती लांब आहे ते तरी बघा, पण एकदा जमीन जाणार हे डोक्यात बसलं की कोकणी माणूस पुढचं ऐकत नाही. पर्याय तिथेच पडला. कायमचा पडला असं मी म्हणणार नाही.

चौथा, गप्प बसायचं. पिन काढून टाकायची, विचारलं तर माहीत नाही म्हणायचं. दोन-तीन ज्येष्ठांचं हेच मत होतं आणि ते काही वेडगळ नव्हतं. पण त्याच सुमाराला एक चिरेखाणवाला भावकीतल्या मुंबईच्या एकाला भेटून गेला, सडा भाड्याने द्या म्हणून. चिरेखाण लागली की मशीन लावून कातळ सरळ कापून काढतात, चिरे ट्रकात जातात, मागे खड्डा. म्हणजे चित्रांतून गावाला काही मिळत नसेल तर सड्याची किंमत चिऱ्याच्या भावाने होणार. गप्प बसायचा पर्याय या एका बातमीने संपला.

पाचवा, बचत गटाच्या अध्यक्ष ताईंनी मांडलेला. बांधकाम काही नको. वेळ ठरवायची, सकाळी सात ते नऊ आणि संध्याकाळी साडेचारपासून सूर्य बुडेपर्यंत, आणि गावचा माणूस सोबत असल्याशिवाय वर जायचं नाही. मधल्या वेळेत सडा बंद. साताऱ्याच्या कास पठाराला नाही का, म्हणाल्या, दिवसाला तीन हजारच सोडतात आणि बुकिंग करून जावं लागतं, लोक ऐकतातच ना. कोणीतरी म्हणालं कास वनखात्याचं आहे ताई, आपल्यामागे कोण आहे. मुद्दा बरोबर होता, पण याहून बरा पर्याय कोणाकडे नव्हता.

काय काय केलं

आधी सह्या. गणपतीला सगळे चाकरमानी गावात असतात, त्याच आठवड्यात भावकीची बैठक घेतली, आरती झाल्यावर. एक पानी संमतीपत्र, मुदत एका वर्षाची, जमिनीवर गटाचा काही हक्क लागणार नाही हे पहिल्याच ओळीत लिहिलेलं (हे वाक्य नसतं तर एकही सही झाली नसती, पैजेवर सांगतो). माणशी 50 रुपये घ्यायचे, त्यातला काही भाग सोबत गेलेल्या गाईडचा, काही गटाचा, आणि भावकीचा हिस्सा कोणाच्या हातात न देता ग्रामदेवतेच्या देवळात जमा. तीस वारसांना वाटायला गेलं तर प्रत्येकी चहाचे पैसे पण येत नाहीत, आणि भांडणं मात्र पुरेपूर, म्हणून देऊळ. ही कल्पना कोणाची ते आता जो तो आपली म्हणून सांगतो. भावकीतल्या एका धाकट्या भावाने सही केली नाही. त्याचं म्हणणं, आज पन्नास रुपये घेताय, उद्या रिसॉर्टवाला आणाल. त्याच्या हिश्श्यातूनच सरळ वाट जात होती, म्हणून वाट वळवून दक्षिणेकडून नेली.

मग पिन. मॅपवरची चित्रांवरची खूण काढायची विनंती टाकली, ती काही लगेच हलली नाही, म्हणून पोरांनी शाळेच्या मैदानाची नवीन खूण टाकली, इथे पार्किंग आणि गाईड असं लिहून, फोटो पण चांगले टाकले. काही महिन्यांत लोक तिथेच यायला लागले. साध्या गोष्टीने एवढा फरक पडेल असं वाटलं नव्हतं.

कुंपणाऐवजी गडगा. सड्यावर सुटे पडलेले दगड एकावर एक रचून गुडघाभर उंचीचा, ना सिमेंट ना खांब, उद्या काढायचा म्हटला तर काढता येतो. गडग्याच्या आत चपला काढून जायचं. हा नियम नवीन केलेला नाही बरं का, माणसाच्या आकृतीला गावात राखणदार मानतात, तिथे नारळ ठेवतात आणि गावातला माणूस तिथे पायताण घालून जातच नाही. फक्त तोच रिवाज सगळ्यांना लावला. आणि या नियमाने एक काम आपोआप केलं जे पाटी लावून झालं नसतं. मार्चनंतर अकरा वाजले की कातळावर अनवाणी पाय ठेवता येत नाही. ज्याला दुपारीच जायचं असतं तो गडग्यापर्यंत येतो, चप्पल काढतो, एक पाय टेकवतो आणि स्वतःहून म्हणतो की संध्याकाळीच येऊ. अर्थात ज्यांना साखरेचा त्रास आहे, पाय दुखतात, अशांना जाड मोजे द्यायची सोय मागाहून करावी लागली. एक-दोघांनी हा धार्मिक प्रकार आमच्यावर का लादता म्हणून वाद घातला. त्यांना गाईड सांगतो की बुटाच्या टाचेने कडा झिजतात, देवाचं तुम्ही मानू नका. दोन्ही कारणं खरीच आहेत.

गाईड कोण आणि सांगणार काय, यावर बैठकीत वेळ गेला आणि जायलाच हवा होता. पोरांनी यूट्यूब बघून एलियन वगैरे सुरू केलं होतं. एकजण छातीठोक पंधरा हजार वर्षं सांगायचा, दुसरा चाळीस. आता दगडात नुसत्या रेघा कोरल्यात, त्यात सेंद्रिय काही नाही, म्हणजे कार्बन डेटिंग त्या रेघांना थेट लावता येत नाही. अभ्यासक मध्याश्मयुगापर्यंत मागे नेतात, पण त्यांच्यात पण मतभेद आहेत. शेवटी असं ठरलं की तीन गोष्टी तीन वेगळ्या करून सांगायच्या. गाव काय म्हणतं, अभ्यासक काय म्हणतात, आणि समोर डोळ्याला काय दिसतं. एलियन बंद. पांडव चालू, पण आमच्या गावात अशी गोष्ट सांगतात असं म्हणून. हे जमलं सगळ्यात छान त्या गुराखी म्हाताऱ्यांना. ते जास्त बोलतच नाहीत, काठीचं टोक रेघेच्या वरून हवेतच फिरवतात, न टेकवता, आणि माणसं गप्प होऊन बघतात. (हमखास विचारला जाणारा प्रश्न: इथे होकायंत्र फिरतं का? ते देवाचे गोठण्याला फिरतं हो, इथे नाही. तरी लोक मोबाईल काढून बघतातच.)

खरी परीक्षा

नाताळच्या सुट्टीत आली. एका टूरवाल्याचा फोन, पन्नास माणसं, दुपारी एकला पोचतो, सडा दाखवा आणि जेवण पण तुमच्याकडेच घेतो. पन्नास ताटं म्हणजे गटाला त्या महिन्यातली सगळ्यात मोठी ऑर्डर. ताईंनी सांगितलं, जेवायला या, कुळथाची पिठी, भात, सोलकढी, सगळं करते, पण वर साडेचारला नेईन. तो म्हणाला चार वाजता मला पुढच्या मुक्कामाला निघायचंय, दहा मिनिटं वर जाऊन येऊ द्या, तिकीट डबल घ्या. फोन स्पीकरवर होता, गटातल्या बाकीच्या समोर बसलेल्या. एक काकू खुणेने सांगतायत हो म्हण हो म्हण. ताई नाही म्हणाल्या.

बस आली नाही. त्या संध्याकाळी गटात जे भांडण झालं ते साधं नव्हतं, दोघी-तिघी म्हणाल्या नियम आपल्यासाठी की आपण नियमासाठी, एकीने पुढचे दोन महिने जेवणाच्या पाळीतून नाव काढून घेतलं. मला विचाराल तर काकूंचं म्हणणं चूक नव्हतं, त्यांच्या घरात त्या पैशावर गॅसची टाकी येणार होती. पण डबल तिकिटावर एक बस दुपारी वर गेली असती तर त्या टूरवाल्याच्या ओळखीतल्या सगळ्यांना कळलं असतं की इथे पैसे टाकले की चालतं, आणि मग वेळेचा नियम फक्त पाटीवर उरला असता. पहिल्या सीझनमधेच नाही म्हणणं भाग होतं.

ती बस मग कुठे गेली? शेजारच्या गावच्या सड्यावर. तिथे कोणी अडवणारं नव्हतं. म्हणजे चुना-रांगोळीचा त्रास मिटला नाही, हद्दीपलीकडे सरकला, हे पण लिहून ठेवायला पाहिजे.

काय झालं

दोन सीझन गेल्यावरचं चित्र असं. येणारी माणसं कमी झाली, नक्कीच. पण सकाळी सातला सड्यावर पोचायचं म्हणजे आदल्या रात्री गावात राहायला लागतं, आणि हाच सगळ्यात मोठा फरक पडला. पूर्वी बस यायची, अर्धा तास थांबायची, सरबत पिऊन निघून जायची. आता चार जणांचं कुटुंब येतं, निवास-न्याहारीच्या घरात उतरतं, संध्याकाळी एकदा आणि सकाळी परत एकदा वर जातं, खाली येऊन घावणे-चटणी खातं, जाताना आंबापोळी आणि कोकम घेऊन जातं. राहायची सोय असलेली घरं आधी चार होती, आता आणखी दोघींनी संडास-बाथरूम नीट करून घेतलेत. चिरेखाणवाला परत आला नाही, निदान अजून तरी.

चित्रांना नवीन चुना लागलेला नाही. तांबडा मासा आहे तसाच आहे. तो काळा करायला ऑइल फासा, शेण सारवा असे सल्ले आले, कोणीच काही केलं नाही ते बरं झालं. गाईड आता तोच दाखवून सांगतात की हा गेल्या चार-पाच वर्षांतला आणि तो हजारो वर्षांचा, फरक बघा.

नुकसान कोणाचं झालं? शाळेजवळ सरबत-काजूच्या टेबलवाल्या बायकांचं. त्यांचा धंदा दुपारच्या गर्दीवर होता. आणि वरच्या वाडीचं, तिथे राहायला द्यायला कोणाकडे जादा खोली नाही. न्याहारी आळीपाळीने वरच्या वाडीत करायची असं ठरवलं, पण पाहुण्यांना सड्यावरून उतरून परत तिकडे चढत जायचा कंटाळा येतो, त्यामुळे ते कधी होतं कधी नाही.

रात्रीची टूर पण करून बघितली. अंधारात बॅटरी जमिनीलगत आडवी धरली की रेघा दिवसापेक्षा जास्त उठून दिसतात, बघणारे वेडे होतात अक्षरशः. पण सड्यावर फुरशी, विषारी साप. दगडाखाली बसलेलं हातभर लांबीचं जनावर, रंगाने जांभ्यासारखंच, आणि आपण माणसांना अनवाणी चालवतोय. दुसऱ्याच रात्री गडग्याच्या फटीत एक दिसलं आणि रात्रीची टूर तिथेच बंद.

वेगळं काय करता आलं असतं

गडग्यापासूनच सुरू करतो. सुटे दगड रचले की त्यात फटी होतात, फटीत पाली-विंचू आणि त्यांच्या मागे फुरसं, हे गावात कोणाला माहीत नव्हतं असं नाही. तरी सगळ्यांचं लक्ष खांब नकोत, सिमेंट नको यावर होतं. आता पाहुणे थकले की गडग्यावरच टेकतात, गाईडला दर वेळी उठवावं लागतं. दगडांची नुसती एक ओळ मांडली असती, रचली नसती, तरी हद्द कळली असती. आणि सर्पदंश झाला तर जवळच्या कुठल्या दवाखान्यात लस आहे, किती वेळात पोचता येतं, गाडी कोणाची, हे पहिल्या टूरच्या आधी लिहून लावायला हवं होतं, ते फुरसं दिसल्यावर लावलं.

दुसरं, शेजारची गावं. वेळेचा नियम एकट्या गावाने लावला तर बस शेजारी जाते हे पहिल्या आठवड्यात कळलं. आजूबाजूच्या तीन-चार सड्यांच्या गावांनी मिळून एकच वेळ ठरवली असती तर टूरवाल्याला पॅकेजच बदलावं लागलं असतं, पावस दुपारी आणि कातळशिल्प संध्याकाळी एवढाच बदल तर करायचा होता त्याला. आता त्यासाठी बोलणी चालू आहेत, पण प्रत्येक गावाला वाटतं की पहिल्या गावाने नाही म्हटलेली गिऱ्हाइकं आपल्याला मिळतायत तर का सोडा.

पावसाळ्याचं कोडं अजून सुटलेलं नाही. जूनपासून नवरात्रापर्यंत सडा पूर्ण बंद ठेवलाय, चित्रांत पाणी साठतं, शेवाळावरून पाय सरकतो. पण श्रावण-भाद्रपदात सड्यावर जी फुलं येतात, गेंद काय, सीतेची आसवं काय, ते बघायला पण लोक तयार आहेत आणि गटातल्या तरुण मुलींचा आग्रह आहे की कडेच्या बैलगाडीच्या जुन्या वाटेने तेवढंच फिरवून आणू, चित्रांकडे जायचंच नाही. मला हे पटतं, पण आधी ती वाट आखून घ्या, दहाच्या वर माणसं नकोत, आणि पाहुणे एकदा सड्यावर आले की चित्रं तेवढी लांबून दाखवा हो म्हणणारच आहेत, त्याला काय सांगायचं ते आधी ठरवा.

आणि हिशोब. देवळात जमा होणारा भावकीचा हिस्सा पहिल्या वर्षी वहीत होता, पण ती वही एकाच्याच घरी. पैशाची गडबड काही नव्हती, तरी मुंबईच्या ग्रुपवर संशयाचे मेसेज फिरले ते फिरलेच. महिन्याच्या महिन्याला पानाचा फोटो ग्रुपवर टाकायचा हे आता सुरू केलंय.

येत्या गणपतीत सह्या परत घ्यायच्यात. धाकटा भाऊ या वेळी बैठकीला बसतो म्हणालाय, सही करीन असं काही म्हणालेला नाही. त्याने केली नाही तर दक्षिणेकडचीच वाट चालू ठेवावी लागेल, आणि ती गेल्या पावसात ओहोळाने दोन जागी खाल्लीय, तिथे दगड टाकायचं काम नवरात्राच्या आत उरकायला हवं.